ट्रान्सफॉर्मर घेऊन निघताना: ओडीसी चालकासाठी मार्गदर्शन

वीज उपकेंद्रासाठी कारखान्यातून निघालेला 400 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर हा रस्त्यावरून जाणाऱ्या मालांपैकी सर्वांत अडचणीचा माल म्हणावा लागेल, कारण तो अवजड असतो, अवाढव्य असतो, महाग असतो आणि दिसायला पोलादी असला तरी आतून नाजूक असतो. तेल काढून पाठवला तरी मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे वजन दीडशे टनांच्या आसपास किंवा पुढे भरते. त्याची किंमत कोटींत असते, आणि रस्त्यात काही झाले तर दुसरा नग गोदामातून उचलून आणता येत नाही, तो नव्याने बनवून घ्यावा लागतो आणि त्यात महिने जातात. साध्या ट्रेलरवर हात बसलेला चालक पहिल्यांदा हायड्रॉलिक ॲक्सलच्या (उंची खाली-वर करता येणाऱ्या, अनेक चाकांच्या ट्रेलरच्या) कामावर येतो, किंवा एखादा छोटा वाहतूकदार पहिल्यांदा ओडीसीचे (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे ठरलेल्या मापांबाहेरच्या मालाचे) काम घेतो, तेव्हा त्याने काय पाहावे, काय मागावे आणि कुठे गाडी थांबवावी, एवढ्यापुरते हे लेखन आहे.

मापे

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 93 मध्ये वाहनाच्या लांबी, रुंदी आणि उंचीच्या मर्यादा दिल्या आहेत. रुंदीची मर्यादा 2.6 मीटर आहे. ज्याचे तुकडे करता येत नाहीत असा एकसंध माल या मर्यादांच्या बाहेर गेला की तो ओडीसी ठरतो. मालाची मापे कारखान्याच्या नकाशावर दिलेली असतात आणि परवानगीच्या अर्जात बहुधा तीच उतरवली जातात. चालकाने त्या आकड्यांवर गाडी हलवू नये. नकाशात टाकीची उंची असते. टाकीवर बसवलेल्या झाकणपट्टीचे नट-बोल्ट, उचलण्याच्या कड्या किंवा नायट्रोजनच्या नळीचा वाकलेला भाग त्या उंचीत धरलेला असेलच असे नाही. माल चढवून, बांधून झाल्यावर, सपाट जागेवर, सर्वांत उंच टोकापासून जमिनीपर्यंत स्वतः फूटपट्टी लावून मोजावे आणि मोजताना पायलट गाडीच्या (पुढे वाट दाखवत चालणाऱ्या गाडीच्या) माणसाला सोबत ठेवावे.

हायड्रॉलिक ॲक्सलवर एकच उंची लिहून भागत नाही. समजा टाकी 4.15 मीटर उंच आहे आणि ॲक्सलचा डेक, म्हणजे माल ठेवण्याचा सपाट भाग, चालीच्या स्थितीत 1.15 मीटरवर आहे, एकूण 5.30 मीटर झाले. ॲक्सल साधारण 30 सेंटीमीटर वर आणि तेवढेच खाली जात असेल, तर हाच माल 5.00 मीटरपर्यंत उतरतो आणि 5.60 मीटरपर्यंत चढतो. हे तिन्ही आकडे केबिनमध्ये डोळ्यांसमोर लिहून ठेवावेत. अगदी तळाला उतरवलेल्या स्थितीत ॲक्सलला खड्डा झेलायला वाव उरत नाही, म्हणून ती स्थिती पुलाखालून रांगत जाण्याएवढीच वापरायची असते.

वजनाचा हिशेबही स्वतः करून पाहावा, तो अवघड नाही. मॉड्युलर हायड्रॉलिक ट्रेलरच्या आठ टायरच्या एका ॲक्सल-ओळीला नियमाने 18 टनांची मर्यादा आहे. 160 टनांचा माल 12 ओळींवर घेतला आणि प्रत्येक ओळीचे स्वतःचे वजन सुमारे 4 टन धरले, तर एकूण 208 टन होतात आणि ओळीमागे 17.3 टन येतात. बसते, पण जेमतेम. हा हिशेब वजन सगळीकडे सारखे पडले आहे असे धरून केलेला असतो. टाकीवर गुरुत्वमध्याची खूण रंगवलेली असते आणि ती टाकीच्या बरोबर मध्यावर असेलच असे नाही. डेकचा मध्य त्या खुणेखाली आला पाहिजे. चढवून झाल्यावर ॲक्सलच्या दाबाचे काटे पाहावेत. एका बाजूचा काटा दुसऱ्यापेक्षा ठळकपणे वर असेल, तर माल सरकवून पुन्हा ठेवण्याचा आग्रह धरावा. क्रेन भाड्याची आहे, तासावर पैसे चढत आहेत, असे सांगून हा आग्रह नेहमी मोडून काढला जातो. तो सोडू नये.

कागद

राष्ट्रीय महामार्गावरून अशी गाडी नेण्यासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची परवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. एकूण वजन 169 टनांच्या पुढे गेले की मार्गावरील पुलांची स्वतंत्र तपासणी होते आणि वेळ वाढतो. वरच्या उदाहरणातली गाडी त्याच वर्गात मोडते. राज्याच्या रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, रेल्वे फाटकासाठी आणि रेल्वेवरील पुलासाठी रेल्वे, तारांसाठी वीज कंपनी, शहरातून जायचे तर वाहतूक पोलीस, असे बाकीचे कागद वेगवेगळे असतात. ते मिळवणे हे मालकाचे काम आहे, पण निघण्यापूर्वी ते वाचणे चालकाचे आहे. परवानगीत मापे, मार्ग, गाडी क्रमांक, मुदत आणि चालण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात, आणि ती तेवढ्यासाठीच असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार परवानगीशिवाय माल गाडीबाहेर आलेला सापडला तर 20,000 रुपये दंड आहे. वजन जास्त निघाले तर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये. वजनकाट्यावर जायला नकार दिला तर 40,000 रुपये. ज्या मालाला सक्षम अधिकाऱ्याने सूट दिली आहे त्याला बाहेर आलेल्या मालाचा दंड लागत नाही, पण परवानगीतली रुंदी 4.2 मीटर आणि प्रत्यक्षातली 4.4 मीटर असेल, तर त्या सुटीवर विसंबून राहता येत नाही.

ई-वे बिलाची (जीएसटीखाली माल नेण्यासाठी काढायच्या ऑनलाइन बिलाची) एक चूक फार वेळा होते. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते, ओडीसीला 20 किलोमीटरमागे एक दिवस. म्हणजे 400 किलोमीटरच्या प्रवासाला साध्या बिलावर 2 दिवस आणि ओडीसी बिलावर 20 दिवस. बिल भरताना वाहनाचा प्रकार ‘ओडीसी’ निवडलेला नसेल, तर पहिला जिल्हा ओलांडायच्या आत मुदत संपते आणि गाडी अडवली गेल्यास कराच्या दुप्पट दंडाचा प्रसंग येतो. मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. त्यामुळे बिलाची वेळ कार्यालयाइतकीच चालकाच्याही लक्षात असावी.

विम्याबाबत एवढेच, की रस्ता वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखालील नियमांनुसार, मालाची जास्त किंमत आधी ठरवून नोंदवलेली नसेल तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. कोटींच्या मालाला ती भरपाई पुरी पडणार नाही हे पाठवणाऱ्याला माहीत असते, म्हणून त्याचा स्वतंत्र विमा असतो. त्या विम्यात मार्ग आणि गाडी यांच्या अटी असतील तर त्यांची प्रत केबिनमध्ये मागून घ्यावी.

मार्गाची पाहणी

पाहणीचा अहवाल तयार असतो, फोटोही असतात. तरीही चालकाने एकदा छोट्या गाडीतून तो मार्ग पाहिल्याशिवाय पुलरवर (ॲक्सल ओढणाऱ्या ट्रकवर) बसू नये असे माझे मत आहे. अहवाल करणारा अभियंता अडथळे मोजतो, तर चालक त्याच रस्त्यावर वळण कुठून घ्यायचे आणि फसलोच तर मागे कसे यायचे हे पाहतो.

महामार्गावरच्या नव्या पुलांखाली 5.5 मीटर मोकळी उंची ठेवलेली असते आणि फलकावर तेवढीच लिहिलेली असते. मधल्या काळात रस्त्यावर डांबराचे एक-दोन थर चढलेले असतात. फलक तोच राहतो, रस्ता मात्र 10 सेंटीमीटर वर आलेला असतो. 5.30 मीटरच्या मालाला 20 सेंटीमीटर जागा आहे असे समजून निघावे आणि हाती 10 यावीत, असे होते. म्हणून प्रत्येक पुलाखाली, ज्या मार्गिकेतून जायचे तिच्या मध्यावर आणि दोन्ही कडांवर, पट्टी लावून मोजावे. कमानीच्या बोगद्यात कडेची उंची मध्यापेक्षा कमी असते, तिथे रस्त्याच्या मधोमध चालावे लागेल आणि त्यासाठी समोरची वाहतूक थांबवावी लागेल हे आधीच पोलिसांना सांगून ठेवावे.

विजेच्या तारा सकाळी आणि दुपारी एकाच उंचीवर नसतात. ऊन चढले आणि तारेतून वीज जास्त वाहू लागली की ती तापते, लांबते आणि खाली झोळ देते. सकाळी मोजून पुरेशी वाटलेली जागा दुपारी अडीचला कमी पडू शकते. मोजणी शक्यतो दुपारीच करावी, आणि ती फायबरच्या कोरड्या काठीनेच. बांबूने तार उचलून गाडी पुढे काढण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. केबल टीव्हीच्या वायरला ते चालत असेल, पण विजेच्या तारेसाठी वीज कंपनीचा माणूस हजर असावा, पुरवठा बंद केलेला असावा आणि तो बंद झाल्याचे त्याने तोंडी सांगण्यापेक्षा लेखी दिलेले असावे.

विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावर दोन्ही बाजूंना उंचीची चौकट असते, सामान्यतः 4.67 मीटरची. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. त्या चौकटीहून उंच माल रेल्वेने वेळ ठरवून, तारेचा पुरवठा बंद करून दिल्याशिवाय फाटकातून जाऊ शकत नाही. जवळ दुसरा मार्ग असेल तर 40 किलोमीटरचा वळसाही पुष्कळदा स्वस्त पडतो.

रस्त्याचा आडवा उतार हे प्रकरण साध्या ट्रेलरवर कोणी फारसे मनावर घेत नाही. वळणावर रस्ता आतल्या बाजूला 7 टक्क्यांपर्यंत कललेला असू शकतो. 3 मीटर रुंद ॲक्सलच्या दोन बाजूंत त्यामुळे 21 सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि 5 मीटर उंचीवरचे मालाचे टोक 35 सेंटीमीटर आत झुकते. खाली चाके रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या आत असूनही वर दिव्याचा खांब किंवा झाडाची फांदी लागते ती यामुळे. अशा वळणावर ॲक्सल ऑपरेटरने खालची बाजू तेवढी उचलून डेक समपातळीत ठेवायचा असतो, म्हणून पाहणीच्या वहीत अशी वळणे किलोमीटरच्या दगडासह नोंदवावीत.

विदर्भ-मराठवाड्यात आणि नाशिक, सोलापूरच्या बाजूला काळ्या मातीवरची साइडपट्टी पावसाळ्यात वरून कोरडी दिसते आणि चाक टेकले की खचते. समोरून एसटी आली तरी ॲक्सलची बाहेरची चाके डांबर सोडून खाली उतरवू नयेत. एसटीला मागे घ्यायला लावावे. टोलनाक्यावर कडेची रुंद मार्गिका कुठल्या बाजूला आहे आणि तिथे दुभाजकाचे काँक्रीट पुढे आले आहे का, हेही याच फेरीत पाहून घ्यावे.

महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्राकडे निघालेल्या ऑटोक्लेव्हची (उष्णता आणि दाब देणाऱ्या अवाढव्य बंद भांड्याची) गाडी 2019 च्या जुलैत सुटली आणि 2020 च्या जुलैत पोहोचली. 74 चाकांच्या त्या गाडीसोबत सुमारे 30 माणसे होती. वाटेत कुठे रस्ता दुरुस्त करावा लागला, कुठे झाडे तोडावी लागली, कुठे तारा काढाव्या लागल्या, आणि मध्येच टाळेबंदी आली. ते उदाहरण टोकाचे आहे, पण वाटेतल्या कामांची ती यादी लहान प्रवासातही तशीच असते.

बांधणी

माल इतका जड आहे की हलणारच नाही, ही समजूत घातक आहे. युरोपीय मानकानुसार पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या 80 टक्के आणि बाजूंना व मागे 50 टक्के एवढी ओढ रोखता येईल अशी बांधणी लागते. 160 टनांच्या मालासाठी पुढची ओढ 128 टनांची झाली. ही सगळी ओढ साखळ्यांवर टाकायची नसते. डेक आणि टाकीच्या बुडाखाली रबराची चटई किंवा लाकूड घातले तर घर्षण वाढते. पोलादावर पोलाद, त्यातही तेलकट पोलाद, साबणासारखे घसरते. बुडाच्या चारी बाजूंना डेकवर अडसर ठोकलेले असावेत, मात्र टाकीला स्वतः वेल्डिंग कधीही करू देऊ नये. साखळ्या फक्त टाकीवर दिलेल्या कड्यांना लावाव्यात. रेडिएटरच्या तोंडांना, पाइपांना किंवा बुशिंगच्या (टाकीतून तार बाहेर काढणाऱ्या विद्युतरोधक नळीच्या) गळ्यांना साखळी अडकवलेली दिसली तर ती लगेच काढायला लावावी, कारण तिथली जोडणी ताण घेण्यासाठी केलेली नसते. साखळी जितकी उभी, तितकी ती पुढची-मागची ओढ रोखण्यात कमजोर. निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक ताणकडी हाताने पाहावी, कारण लाकूड दबते आणि पहिला सैलपणा तिथेच येतो. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर.

रस्त्यावर

निघण्यापूर्वी पायलट गाडी, पुलर, ॲक्सल ऑपरेटर आणि शेपटाकडचा माणूस यांनी शब्द ठरवून घ्यावेत. ‘घे’ हा शब्द कोणी ‘पुढे घे’ म्हणून वापरतो, कोणी ‘वळवून घे’ म्हणून. ‘डावी’ म्हणजे चालकाची डावी, मागे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची नव्हे, हेही बोलून घ्यावे. गाडी हलवण्याचा हुकूम एकानेच द्यावा; ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो, अगदी नवा क्लीनरसुद्धा, आणि तो शब्द वायरलेसवर आला की चालकाने कारण न विचारता थांबावे. कारण उतरल्यावर कळतेच. वायरलेस बंद पडला तर तोही ‘थांब’च समजावा.

पुलावर चढण्यापूर्वी तो रिकामा करून घ्यावा. पुलाच्या मध्यरेषेवरून, ताशी 5 किलोमीटरपेक्षा जास्त नाही अशा वेगाने, मध्ये न थांबता आणि ब्रेक न लावता पार करावे. मध्येच गियर बदलावा लागू नये म्हणून योग्य गियर आधीच टाकून ठेवावा.

कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात चढण दुसऱ्या पुलरच्या ढकलीने निघते. खरा प्रश्न उताराचा असतो. उतरताना मागे जोडलेला पुलर माल रोखून धरतो आणि पुढच्या चालकाने इंजिन ब्रेकवर, चढताना जो गियर लागला असता त्याहून वरचा न टाकता उतरावे. ब्रेक तापल्याचा वास आला तर लगेच थांबावे, आणि थांबल्यावर चाकांना दगड नव्हे, लाकडी ठोकळे लावावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नये.

एवढे करूनही माल तारेला लागलाच, तर केबिनमधून उतरू नये आणि बाहेरच्यांना गाडीपासून लांब राहायला ओरडून सांगावे. पुरवठा बंद झाल्याचे वीज कंपनीने कळवल्यावरच उतरावे. आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशा रीतीने दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय जमिनीवरून न उचलता, घासत-घासत लांब जावे. जमिनीतून वीज पसरलेली असते. मोठे पाऊल टाकले की दोन पायांत विजेच्या दाबाचा फरक पडतो आणि झटका बसतो.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 तासांची मर्यादा होती आणि 5 तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागत असे; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. ओडीसीच्या कामात गाडी दिवसभरात पंचवीस किलोमीटर चालते म्हणून चालक थकला नसेल असे कार्यालयाला वाटते. प्रत्यक्षात त्या पंचवीस किलोमीटरमध्ये एकदाही नजर हलवता येत नाही.

मालाची राखण

ट्रान्सफॉर्मरच्या रिकाम्या टाकीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन, बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाने भरलेला असतो, जेणेकरून आतल्या कागदी वेष्टनाला दमट हवा लागू नये. टाकीवर दाबाचा काटा असतो. सकाळ-संध्याकाळ तो वाचावा आणि शेजारी हवेचे तापमान लिहावे, कारण उन्हात दाब वाढतो आणि पहाटे उतरतो; तापमानाशिवाय नुसता आकडा लिहिला तर गळती आहे की थंडी आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तेवढ्याच तापमानाला दाब रोज थोडा-थोडा उतरत असेल तर ती गळती आहे, आणि काटा शून्यावर येण्याची वाट न पाहता कारखान्याला कळवावे. टाकीचे झाकण वाटेत कोणत्याही कारणाने उघडू नये. नायट्रोजनला वास नसतो, आणि ती टाकी आत डोकावणाऱ्याचा जीव घेऊ शकते.

टाकीवर धक्क्याची नोंद करणारे यंत्रही बसवलेले असते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणत्या दिशेला किती धक्का बसला हे त्यात नोंदले जाते आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी तेच वाचले जाते. काही चालक त्याला आपल्यावर ठेवलेला पहारेकरी मानतात. मला उलट वाटते: चढवताना क्रेनवाल्याने माल आदळला असेल, तर चालकाच्या बाजूने बोलणारा तो एकमेव साक्षीदार आहे. म्हणून कारखान्याच्या दारात यंत्र चालू आहे, बॅटरी भरलेली आहे आणि त्यावरचे सील शाबूत आहे, याचा वेळेसह फोटो काढून घ्यावा. वाटेत जोराचा धक्का बसला तर जागा, वेळ आणि कारण वहीत लिहावे.

चोरीचा विचार केला तर दीडशे टनांची टाकी कोणी पळवून नेत नाही. जातात त्या तिच्यासोबतच्या वस्तू: तांब्याच्या पट्ट्या, ॲक्सलच्या इंजिनाची बॅटरी, केबल, डिझेल. बुशिंग आणि इतर सुटे भाग स्वतंत्र पेट्यांतून मागच्या ट्रकने येतात, आणि जोखीम खरी त्या ट्रकला असते, कारण तो दिसायला इतर ट्रकसारखाच असतो. त्याच्या सीलचा क्रमांक बिल्टीवर (मालाच्या वाहतूक-पावतीवर) लिहिलेला असावा आणि प्रत्येक मुक्कामी सील हाताने ओढून पाहावे. ओडीसी गाडी लपवता येत नाही, लोक तिचे व्हिडिओ काढतातच. पण रात्रीचा मुक्काम कुठे आहे आणि पेट्यांचा ट्रक कुठे उभा आहे हे ढाब्यावर कोणाला सांगण्याचे कारण नाही. अनोळखी माणसाने आणून दिलेला चहाही घेऊ नये.

मुक्कामाला गाडी उभी करताना डेक खाली घेऊन ठोकळ्यांवर टेकवावा. हायड्रॉलिकचा दाब रात्रभरात थोडा उतरतोच, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा उतरत नाही. सकाळी निघण्यापूर्वी पाणपातळी लावून डेक सरळ करावा आणि उंची पुन्हा मोजावी.

पोहोच

उपकेंद्रात शिरल्यावर उतरवण्याची घाई सगळ्यांनाच असते. जागेवरच्या अभियंत्यासमोर दाबाचा काटा, धक्क्याचे यंत्र, सील आणि टाकीची चारी अंगे पाहून, आकडे बिल्टीवर लिहून, त्याची सही घेतल्यावरच पहिली साखळी सोडावी. काही खोट दिसली तर ती बिल्टीवर त्याच वेळी लिहिली गेली पाहिजे. चालकाने कोऱ्या, न वाचलेल्या किंवा ‘माझ्या चुकीने’ अशा मजकुराच्या कागदावर सही करू नये. कधी, कुठे, काय घडले एवढेच लिहून द्यावे.

रिकामा ॲक्सल परत आणताना मूळ परवानगी चालत नाही. ओळी सुट्या करून दुसऱ्या ट्रेलरवर लादल्या असतील तर त्याची उंची वेगळी असते, आणि जोडूनच आणायचा असेल तर त्याच्या लांबीसाठी वेगळी परवानगी लागते. माल घेऊन जाताना ज्या फाटकाच्या चौकटीखालून सगळे नीट निघाले, तिथेही पट्टी पुन्हा काढावी.